लेसर टेप आणि मिस्त्रींचं सूत

लेसर टेप, म्हणजे समोर लाल ठिपका टाकून अंतर मोजणारं यंत्र, घेऊन सहा आठवडे झाले. ओट्याखालचे चार ड्रॉवर, झोपायच्या खोलीतलं भिंतभर कपाट आणि बाथरूमवरचा माळा एवढं काम त्याच्या भरवशावर पार पडलंय, तेव्हा आता लिहायला हरकत नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही. याच चेहऱ्याची यंत्रं चार-पाच नावांनी मिळतात आणि माझी तक्रार सगळ्यांनाच लागू होईल. किंमत अडीच हजारांच्या आत. ४० मीटरपर्यंत मोजतो, अचूकता अधिक-उणे २ मिलिमीटर, दोन ट्रिपल-ए सेल, सोबत एक पिशवी आणि मनगटात अडकवायची दोरी. माहितीपुस्तिका इंग्रजी आणि चिनी भाषेत, अक्षर मुंगीएवढं.

आधी माझ्याबद्दल, म्हणजे हे कोण बोलतंय ते कळेल. चिंचवडला एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसमध्ये ३१ वर्षं काढली. सुरुवातीला बोर्डावर टी-स्क्वेअर घेऊन, नंतर संगणकावर. त्या ३१ वर्षांत मिलिमीटरशिवाय दुसरं माप माझ्या हातून कागदावर उतरलं नाही. आमच्याकडे सेंटिमीटरसुद्धा कुणी म्हणत नसे. टेबल बाराशे, दार एकवीसशे. त्यामुळे निवृत्तीनंतर घराचं सुतारकाम काढलं तेव्हा मी काय केलं असेल? सगळ्या खोल्या लेसरनं मोजल्या, ए-थ्री कागदावर तीन बाजूंची ड्रॉइंग काढली, प्रत्येक फळीची यादी केली आणि मिस्त्रींच्या हातात दिली.

मिस्त्री सासवडकडचे. वय साठीच्या पुढे, कानावर पेन्सिल. कागद त्यांनी आदरानं घेतला, उभा धरला, आडवा धरला, खिडकीशी नेला आणि म्हणाले, "चित्र झकास आहे ताई. आता माप सांगा."

"त्यावरच लिहिलंय की. पाचशे बासष्ट."

"ते एमएम. मला इंच-सूत लागंल."

सूत हा शब्द ऐकला नव्हता असं नाही. भावाच्या घराचं बांधकाम चाललं होतं तेव्हा सळईवाला 'तीन सूत', 'चार सूत' म्हणत होता. पण ते मला सळईच्या जातीचं नाव वाटलं होतं, माप नव्हे. तिथं ते खरंही होतं म्हणा. चार सूत म्हणजे हिशेबानं १२.७ मिलिमीटर आणि दुकानात मिळते ती १२ची. पाच सूत म्हणून मागाल तर १६ची येते, सहा म्हणाल तर २०ची. नाव जुनं राहिलंय आणि सळई मेट्रिक झालीय. सुताराकडे मात्र सूत हे जिवंत माप आहे, त्यावर करवत चालते.

एका इंचाचे आठ भाग, त्यातला एक भाग म्हणजे सूत. इंच बरोबर २५.४ मिलिमीटरचा (१९५९ साली इंग्लंड-अमेरिकेसह सहा देशांनी बसून तो तसा ठरवला), म्हणजे सूत ३.१७५ मिलिमीटर. बस, एवढंच. पण हे 'एवढंच' डोक्यात बसेपर्यंत माझे चार ड्रॉवर बिघडले.

तो प्रसंग सविस्तर सांगते, कारण यंत्र घेणाऱ्याला त्याचा उपयोग होईल.

ओट्याखालचा सांगाडा ६०० रुंदीचा. दोन्ही बाजूंना १९ एमएमचं प्लाय. आतली मोकळी जागा ५६२. ड्रॉवर ज्या चॅनलवर सरकतो ते चॅनल प्रत्येक बाजूला अर्धा इंच जागा खातं. मिस्त्री म्हणाले, "खोकं आठ सूत कमी धरा." मी मनात म्हटलं, सूत म्हणजे तीन मिलिमीटर, आठ त्रिक चोवीस. ५६२ वजा २४, ५३८. यादीत ५३८ लिहिलं आणि या वेळी शहाणपणा करून फोनवर त्याचे इंच काढून समोर २१ इंच दीड सूतही लिहिलं. मिस्त्रींनी त्याप्रमाणे चारही खोकी कापून, ठोकून तयार केली.

पहिला ड्रॉवर आत घातला. गेला. म्हणजे गेला असं म्हणायचं, पण शेवटची चार बोटं उरली तेव्हा आतून करकर असा आवाज आला, चॅनलच्या गोळ्या दाताखाली खडा यावा तशा. मिस्त्रींनी तो बाहेर ओढला, पुन्हा घातला, पुन्हा करकर. मग त्यांनी सांगाड्याच्या आत टेप लावला, खोक्याला टेप लावला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "बावीस इंच एक सूत आतून. एक इंच वजा. एकवीस एक. हे एकवीस दीड कुठनं आलं?"

५६२ मिलिमीटर म्हणजे जवळजवळ काट्यावर २२ इंच १ सूत. आठ सूत म्हणजे इंचच. त्यातून इंच वजा केला की २१ इंच १ सूत, तिसरीतला पोरगाही करेल. मी मात्र इंच सुतात, सूत तीन मिलिमीटरमध्ये, मिलिमीटर परत इंचात असा द्राविडी प्राणायाम केला होता आणि प्रत्येक सुतामागे पाव मिलिमीटरहूनही कमी जे सांडत गेलं ते शेवटी जवळजवळ दीड मिलिमीटर झालं. दीड मिलिमीटर म्हणजे अर्धा सूत. नेमका तोच अर्धा सूत चॅनलमध्ये करकरत होता.

मिस्त्रींनी चारही खोक्यांच्या बाजूंवर रंधा मारला. प्लायवर रंधा मारणं कुठल्याच सुताराला आवडत नाही, पात्याची धार जाते आणि थराचे टवके उडतात. त्या दिवशी ते चहाही उभ्याउभ्याच प्यायले.

आता यात लेसरचा दोष काय? काहीच नाही. त्यानं ५६२ बरोबर सांगितलं होतं. पण मी यंत्र घेतलं ते काम सोपं व्हावं म्हणून, आणि जे माप समोरचा माणूस दिवसभर बोलतो त्या मापाचं नाव यंत्राला माहीत नसेल तर मधला सगळा हिशेब माझ्या गळ्यात पडतो. फोनवर तीन अ‍ॅप उतरवून पाहिली. त्यात फर्लांग आहे, नॉटिकल मैल आहे, एकात तर प्रकाशवर्षसुद्धा आहे. ओट्याखालचा ड्रॉवर प्रकाशवर्षात मोजायची सोय आहे, सुतात नाही. आणि जी अ‍ॅप इंच देतात ती दशांशात देतात. १०० मिलिमीटर घाला, ३.९३७ इंच म्हणतात. त्या .९३७ला पुन्हा आठानं गुणायचं, मग साडेसात सूत. मिस्त्री तोवर बिडी ओढून परत आलेले असतात.

खरी गंमत पुढे आहे. ती मला यंत्राच्या पुस्तिकेनं नाही, आईनं दाखवली.

पुस्तिकेत एक ओळ आहे की एकक बदलायचं बटण दाबून धरलं की मीटर, फूट, इंच आणि शेवटी फूट-इंच-अपूर्णांक असे पर्याय फिरतात. मी मीटरवरून कधी हललेच नव्हते. ड्रॉवर प्रकरणानंतर हट्टानं शेवटच्या पर्यायावर गेले आणि कपाटाची भिंत मोजली. पडद्यावर आलं ९ फूट ९ इंच आणि पुढे बारीक अक्षरात १९ वर ३२ खाली. मीटरमध्ये हेच २.९८७ होतं. एकोणीस बत्तिसांश! मी जोरात म्हणाले, "आता या एकोणीस बत्तिसांशाचं काय लोणचं घालू?"

आई पलंगावर बसून भाजी निवडत होती. वय चौऱ्याऐंशी, कान तसे मंद, पण आकडे बरोबर ऐकू येतात. म्हणाली, "इंचाचे सूत किती?"

"आठ."

"मग बत्तीसचे चार-चार झाले ना? एकोणीस पावकी पावणेपाच. पावणेपाच सूत."

मी तिच्याकडे बघतच राहिले. एका सुतात बत्तिसांश भाग चार येतात, म्हणजे एक बत्तिसांश म्हणजे पाव सूत. वरच्या आकड्याची पावकी केली की थेट सूत. आईच्या शाळेत पावकी (पावाचा पाढा), निमकी (अर्ध्याचा), पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे सगळे पाढे संध्याकाळी परवचा म्हणून घोकून घेत. नाणी दशमान झाली १ एप्रिल १९५७ला, त्याआधी सोळा आण्यांचा रुपया होता, त्यामुळे पाव-अर्धा-पाऊण हे रोजच्या भाजीच्या हिशेबातलं होतं. आमच्या वेळेपर्यंत ते पाढे पाठ्यपुस्तकातून गेले आणि आम्ही दशांश शिकलो. पावणेपाचला मी ४.७५ म्हणून ओळखते, तिला ते 'पावणेपाच' म्हणूनच दिसतं.

त्यानंतर यंत्र वाचायला शिकले. खाली आठ असेल तर वरचा आकडा तेच सूत. खाली सोळा असेल तर वरच्याची निमकी, म्हणजे ५ वर १६ खाली दिसलं की अडीच सूत. खाली बत्तीस असेल तर पावकी. पाव इंच दिसला तर दोन सूत, अर्धा इंच दिसला तर चार. यंत्र अपूर्णांकाला शक्य तेवढा संक्षेप देऊन दाखवतं, म्हणून खालचा आकडा सारखा बदलतो, एवढं लक्षात ठेवायचं. दहा मिनिटांत हातात बसतं. सूत यंत्रात पहिल्यापासून होतं, फक्त त्याला त्या नावानं हाक मारणारं बटण नव्हतं.

त्याच कपाटाच्या भिंतीची मग तीन ठिकाणी मापं घेतली, खाली स्कर्टिंगच्या वर, मध्ये आणि छताजवळ. खाली ९ फूट ९ इंच ३ सूत, मध्ये पावणेपाच, वर ७. म्हणजे खालून वर जाईस्तोवर खोली चार सूत, अर्धा इंच उघडत जाते. बिल्डरचा ओळंबा त्या दिवशी सुट्टीवर असावा. मिस्त्रींना ते आकडे तोंडी सांगितले. त्यांनी कागद मागितला नाही, मान हलवली आणि खालच्या मापानं कपाट कापून वरच्या फटीला पट्टी मारायचं ठरवलं. मी मीटरमध्ये २.९८१, २.९८७, २.९९४ असं सांगितलं असतं तर हाच निर्णय व्हायला अर्धा तास आणि एक वाद लागला असता. त्या संध्याकाळपासून आमचं सूत जमलं, असं आमचे हे म्हणतात. विनोद जुना आहे, पण त्यांना दुसरा सुचत नाही.

आता जरा टीका. पडदा बत्तिसांश दाखवतो म्हणून ते खरं धरू नका. एक बत्तिसांश म्हणजे ०.८ मिलिमीटर आणि यंत्राची अचूकता आहे अधिक-उणे २. म्हणजे जो पाव सूत ते एवढ्या आत्मविश्वासानं दाखवतं तो त्याच्या आवाक्यातला नाहीच, त्याच्या चुकीची हद्दच अर्ध्या सुतापलीकडे जाते. भिंत, छत, पडद्याचा रॉड, फरशी यासाठी हे चालून जातं. ड्रॉवर, दाराची फट, बिजागरीची जागा असल्या कामाला लेसर बाजूला ठेवा आणि स्टीलचा टेप घ्या. माझं ५६२ बरोबर आलं यात नशिबाचाही वाटा आहे.

दुसरं म्हणजे मोजणी कुठून सुरू होते ते. यंत्राच्या मागच्या कडेपासून की पुढच्या, हे एका बटणानं बदलतं आणि ते बटण अंगठ्याच्या बरोबर खाली ठेवलंय. यंत्र ११२ मिलिमीटर लांब आहे. एकदा नकळत दाबलं गेलं आणि माळ्याची रुंदी तेवढी कमी आली. मिस्त्रींनी नुसत्या नजरेनं सांगितलं, "ताई, चारसाडेचार इंच खाल्लं त्यानं." पडद्यावर कोपऱ्यात एक इवलंसं चित्र असतं, ते प्रत्येक वेळी बघायची सवय लावून घ्या.

उन्हात लाल ठिपका दिसत नाही. गॅलरी मोजायची तर संध्याकाळी. काच आणि चकचकीत काळी टाइल यांच्यावर मापच येत नाही, समोर पांढरा कागद धरावा लागतो. म्हणजे 'एकट्या माणसाला मोजता येतं' हे जाहिरातीतलं वाक्य माझ्या स्वयंपाकघरापुरतं खोटं, कारण कागद धरायला कुणीतरी लागतंच. क्षेत्रफळ काढायचं बटण रंगाच्या हिशेबाला उपयोगी पडलं. उंची तिरकस मोजून काढायची सोय आहे, ती मी दोनदा वापरली, दोनदा वेगळी उत्तरं आली, सोडून दिली.

स्टीलच्या टेपबद्दल दोन शब्द, कारण लेसर घेतला तरी तो लागणारच. पाच मीटरचा घ्या, ज्याच्या वरच्या कडेला इंच आणि खालच्या कडेला मिलिमीटर आहेत असा. माझा आधीचा फक्त मिलिमीटरचा होता, मिस्त्रींनी तो हातात घेऊन बघितला आणि न बोलता परत दिला. नवा आणला तर त्याचं टोकाचं हुक हलत होतं. मी बदलून घ्यायला दुकानात गेले. दुकानदार हसला नाही, हे त्याचं मोठेपण. म्हणाला, "ते हलायलाच पाहिजे, मॅडम. फळीला अडकवून ओढलं तर हुक बाहेर सरकतं, भिंतीला टेकवून दाबलं तर आत जातं. हुकाच्या जाडीएवढंच हलतं. म्हणून आतलं-बाहेरचं दोन्ही माप बरोबर येतं." ३१ वर्षं ड्रॉइंग ऑफिसात काढून मला हे माहीत नव्हतं. आम्ही मापं लिहायचो, मोजायची माणसं वेगळी होती.

ज्यांना ड्रॉइंगमधलं मेट्रिक माप सुतात सांगायचंय त्यांच्यासाठी माझ्या फ्रिजवर चिकटवलेला कागद इथं देते. मीटरला तीनशे पंधरा सूत. एवढं एक पाठ करा. नेमकं उत्तर ३१४.९६ आहे, पण एका मीटरमागे पाव सुताचाही फरक पडत नाही. म्हणजे १०० मिलिमीटरला साडेएकतीस, आणि ६००ला १८९. मग आठानं भागा, २३ इंच ५ सूत. ४५० म्हणजे १७ इंच पावणेसहा सूत. ९०० म्हणजे ३५ इंच साडेतीन सूत. पडताळा घ्यायचा असेल तर १२७ मिलिमीटर म्हणजे बरोबर ५ इंच, ४० सूत, त्यात कणाचाही फरक नाही. आणि सूत म्हणजे तीन मिलिमीटर असं कधीही धरू नका, मी धरलं होतं.

बाजारातल्या वस्तू मात्र कुठल्याच हिशेबात बसत नाहीत, तिथं नाव आणि माप वेगवेगळं असतं हे गृहीत धरा. प्लायचा आठ बाय चारचा ताव २४४० बाय १२२०चा येतो, म्हणजे ८ फुटांवर अर्धा सूत जास्त. तो फायदाच. पण 'अठराचं चॅनल' म्हणून जे मिळतं त्यावर ४५० छापलेलं असतं, आणि अठरा इंच होतात ४५७. सव्वादोन सूत गायब. मिस्त्रींना हे ठाऊक आहे, ते खोक्याची खोली त्या हिशेबानंच धरतात, पण तोंडानं अठराच म्हणतात. १९ एमएम प्लायलाही ते कधी सहा सूत म्हणत नाहीत, एकोणीस एमएमच म्हणतात, जरी ते जवळजवळ काट्यावर सहा सूत भरतं. जाडी मिलिमीटरमध्ये, लांबी-रुंदी इंच-सुतात, बिजागरीचं भोक पस्तीस एमएम. एकाच फळीवर दोन्ही मापं नांदतात आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही. मी विचारलं तर म्हणाले, "जी वस्तू ज्या नावानं मिळती त्या नावानं मागायची."

सुतार हा शब्द सूत्रधारावरून आला, हे मला शाळेतल्या संस्कृतच्या बाईंनी सांगितलेलं आठवतं. दोरी धरणारा तो सूत्रधार. मिस्त्रींना सांगितलं तर त्यांनी खिशातून गेरूत बुडवलेल्या दोऱ्याची गुंडी काढून दाखवली. माळ्याच्या फळीवर दोन टोकांना धरून टणकन सोडली, लाल सरळ रेघ उमटली. लेसरच्या लाल ठिपक्यापेक्षा ती बरीच ठळक होती, आणि पुसेपर्यंत जागची हलली नाही.

पाचपैकी साडेतीन देते. एक गुण त्या अंगठ्याखालच्या बटणाचा कापला आणि अर्धा उन्हातल्या ठिपक्याचा. सूत दाखवत नाही म्हणून कापणार होते, पण आईनं कापू दिला नाही.

सेल किती दिवस टिकतात हे लिहायचं राहिलंय, पण ते मला सांगता येणार नाही. काम संपलं त्या दिवशी मिस्त्रींनी पैसे मोजून खिशात ठेवले, दाराशी चपला घातल्या आणि म्हणाले, "ताई, हडपसरला एक मोठं घर धरलंय. ते लाल डोळ्याचं दोन दिवस द्याल का?" दिलं. शेवटच्या पर्यायावर लावूनच दिलं. त्याला बारा दिवस झाले.